जिवाची मुंबई, बोटीच्या दिवसांतली



आज बोलायचंय एका फोटोबद्दल. रेडिओवर फोटो दिसत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून आधी तो सांगतो. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी, देवघराच्या शेजारच्या भिंतीवर, तिच्या आजेसासूचा आणि आजेसासऱ्यांचा फोटो आहे. 1953 किंवा 54 सालचा. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर बाग आणि कारंजं. पुढे खुर्चीवर आजोबा, काळी टोपी, कोट, पायात नव्या वहाणा. शेजारी आजी उभी, नऊवारी लुगडं, नाकात नथ, एक हात खुर्चीच्या पाठीवर कसाबसा ठेवलेला. दोघांचे चेहरे असे की आता मास्तर छडी मारणार. फोटो मुंबईतल्या एका स्टुडिओतला. आजी आयुष्यात एकदाच मुंबईला गेली, सतरा दिवस राहिली, आणि पुढची पन्नास वर्षं त्या सतरा दिवसांच्या गोष्टी सांगत राहिली.

असा फोटो आपल्याकडे, मालवणपासून देवगड-वेंगुर्ल्यापर्यंत, वाडीवाडीत निघेल. आम्ही आमच्या मासिक बैठकीत विचारलं, कोणाकोणाच्या सासूने, आजेसासूने मुंबई पाहिली होती? अर्ध्याहून जास्त हात वर आले नाहीत. घरातला कर्ता पुरुष मुंबईत तीस-तीस वर्षं राहिलेला आणि त्याच्या बायकोने मुंबई पाहिलेली नाही. हे कसं झालं आणि ज्या गेल्या त्यांनी तिथे काय पाहिलं, ते आज सांगतो.

आधी पुरुष मुंबईला का गेले ते थोडक्यात. आपली शेती पावसाची. भात घरात आलं की चार-सहा महिने पुरायचं, पुढे काय? मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली काढायचं ठरलं, दोन वर्षांत ती चालू झाली, आणि मग परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग गिरण्यांच्या भोंग्यावर उठू-बसू लागला. गिरणीला हात लागत होते, गोदीला लागत होते, पोलिसात, साहेबाच्या घरी, छापखान्यात लागत होते. आपला सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, तो 1 मे 1981 ला झाला. मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि सावंतवाडी हे वेगळं संस्थान. या सगळ्या किनाऱ्यावरून पुरुष मुंबईला गेले ते चाकरमानी झाले. चाकरमानी म्हणजे चाकरी करणारा माणूस. पण घर राखणाऱ्या, नांगरणी-लावणी करणाऱ्या, गुरं सांभाळणाऱ्या, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं काढणाऱ्या बाईला काही वेगळं नाव कोणी दिलं नाही.

याचा हिशेब खानेसुमारीत दिसतो. 1911 आणि 1921 साली मुंबई शहरात हजार पुरुषांमागे बायका होत्या साधारण सव्वापाचशे. म्हणजे जवळजवळ अर्धे पुरुष बायकोविना. आणि इकडे कोकणात उलटं, पुरुष कमी आणि बायका जास्त. ती खूण अजून पुसलेली नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका मोजल्या गेल्या, आपल्या सिंधुदुर्गात 1036. आकडा वाचून कोणी म्हणेल, व्वा, इथे मुलींना चांगलं वागवतात. तेही असेल. पण बरेचसे पुरुष मोजायच्या वेळी घरात नव्हते, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे.

मुंबई आणि घर यांना जोडणाऱ्या गोष्टी दोन. एक मनीऑर्डर, ती आपल्या देशात 1880 पासून सुरू झाली. दुसरी आगबोट.

बोटीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आता तिशीतल्या मुलींना हे सांगून खरं वाटत नाही. कोकणच्या किनाऱ्याने बोटी चालायच्या. पणजीहून निघून वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, मुसाकाजी, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरं घेत मुंबई. आधी इंग्रजांच्या कंपनीच्या बोटी होत्या. पुढे स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत, 1906 मध्ये, आपल्या लोकांनी भागभांडवल जमवून स्वतःची कंपनी काढली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक, पण लोक तिला म्हणायचे ‘माझी आगबोट कंपनी’. किती गोड नाव! आपल्या बचत गटाला कोणी असं नाव ठेवलं पाहिजे. तिच्या बोटींची नावं संतांची, तुकाराम, रामदास अशी. स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘रोहिणी’, ‘चंपावती’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी आपल्या थोरांच्या तोंडी अजून आहेत.

मालवण बंदराच्या तोंडाशी खडकांची रांग. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्ग किल्ला तिथेच का बांधायला घेतला याचं एक कारण हेच खडक, परकी जहाजाला आत यायला वाट सापडू नये. पण त्यामुळे आपलीही आगबोट धक्क्याला लागायची नाही. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी. माणसं किनाऱ्यावरून पडावात बसायची, पडाव लाटांवर वरखाली होत बोटीच्या कुशीला जायचा, आणि वरून खलाशी हात देऊन एकेकाला ओढून घ्यायचा. लुगडं सावरत, कडेवर मूल घेऊन, रात्रीच्या अंधारात ती उडी मारायची. आमच्या त्या आजीने सांगितलेली पहिली गोष्ट हीच असायची. परक्या पुरुषाने तिचा हात धरला तो आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याने धरला नसता तर ती तळाला गेली असती.

बोटीवर बहुतेकांचं तिकीट डेकचं. म्हणजे उघड्यावर वळकटी पसरायची. सोबत भाकऱ्या, सुकी चटणी, बोट लागू नये म्हणून लिंबू आणि आवळा. आणि गाठोड्यात मुंबईसाठी अर्धं घर, उकडे तांदूळ, कुळथाची पिठी, सोलं, नारळ, सुके बांगडे, फणसाची साठं. सुक्या बांगड्यांचा वास सगळ्या डेकवर. एक दिवस-रात्र जवळपास असं बसायचं. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा मुंबईला जायचं तर फोंडाघाट नाहीतर गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, कारण कोल्हापूरला रेल्वे 1891 मध्येच आली होती. बोट बंद असताना गावात काही बरंवाईट झालं तर मुंबईचा माणूस वेळेवर पोचणं देवाच्या हाती.

आणि समुद्र तो समुद्र. 1927 च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळात, एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना, अमावास्येच्या दिवशी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जायला निघाली आणि वाटेत उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ती बोट आपल्या बंदराकडे येणारी नव्हती, पण त्यानंतर कित्येक सासवांनी सुनांना बोटीत पाऊल टाकू दिलं नाही. आमच्या आजीची सासू तर म्हणायची, नवरा गेला समुद्रावरून तो एक पुरे, दोघं एका बोटीत नकोत.

तर मग बाई मुंबईला जायची कधी? एक गोष्ट आम्हाला सगळ्या जुन्या बायकांकडून ऐकू आली. ‘मुंबई बघायला जाते’ असं म्हणायची सोय नव्हती. निमित्त लागायचं. नणंदेचं बाळंतपण, दिराचं टायफॉईड, नवऱ्याचा हात गिरणीत पट्ट्यात सापडला, नाहीतर लग्नाला पाच वर्षं झाली आणि पाळणा हलत नाही म्हणून केईएममध्ये दाखवायला. केईएम हॉस्पिटल 1926 पासूनचं, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या किती बायकांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती त्या हॉस्पिटलच्या खिडकीतून! आमच्या आजीचं निमित्त असं की आजोबांना पटकी झाल्यासारखं झालं होतं आणि त्यांना महिनाभर खानावळीचं तिखट जेवण चालणार नव्हतं. ती गेली तोवर ते बरे होऊन कामावर रुजू झाले होते. पण पोचलेल्या बाईला कोण परत पाठवणार? पुढची बोट मिळेपर्यंत राहा म्हणाले, आणि ती पुढची बोट सतरा दिवसांनी मिळाली. मधल्या दिवसांत बोटी नव्हत्या असं काही नाही. हे सांगताना आजी पदर तोंडाला लावायची.

बोट लागायची भाऊच्या धक्क्याला. भाऊ म्हणजे भाऊ अजिंक्य, एकोणिसाव्या शतकात मुंबईत हा धक्का बांधून घेणारा मराठी माणूस. धक्क्यावर कोलाहल, हमाल, व्हिक्टोरिया गाड्या, आणि त्या गर्दीत आपलं माणूस शोधायचं. बाई नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारू शकत नव्हती. मग काय करायची? गाठोड्यावर बसून राहायची. तो शोधत येईल.

खोलीवर गेल्यावर खरी मुंबई कळायची. बीडीडी चाळी 1920 ते 25 च्या दरम्यान बांधल्या, त्यातली एक खोली 160 चौरस फुटांची. आपल्या माजघराएवढीही नाही. अशा खोलीत एका गावचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने राहायचे. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच वळकटीवर. बऱ्याच गावांची अशी गावकीची खोली असायची, भाडं सगळ्यांनी वाटून. तिथे बाईला जागा नव्हती. मग कोणा चुलत दिराच्या, मामेसासऱ्याच्या बिऱ्हाडात तिची सोय व्हायची. तिथे आधीच सहा-सात माणसं. नवरा रात्री चटई घेऊन चाळीच्या व्हरांड्यात.

आणि आता आम्ही मुद्द्याशी येतो. इकडे गावात सासू-सासऱ्यांपुढे नवराबायको एकमेकांशी बोलत नसत. तिकडे मुंबईत खोलीत दहा माणसं. आजीचं वाक्य आमच्या मैत्रिणीला अजून पाठ आहे, “खोलयेत धा माणसां. आमी बोलतलाव खंय?”

म्हणून फिरायला जायचं. मुंबई बघायची हौस होतीच, नाही असं नाही. पण नवराबायको म्हणून शेजारी बसायला जागा हवी होती, आणि ती मुंबईत रस्त्यावर, बागेत, ट्रामच्या वरच्या मजल्यावर मिळायची. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 मध्ये आली, विजेवरची 1907 मध्ये, पुढे दुमजली ट्रामही आली, आणि 31 मार्च 1964 ला ट्राम कायमची बंद झाली. त्या मधल्या काळात आण्या-दोन आण्यांत शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता यायचं. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसलं की वारा तोंडावर, मागचं कोणी ओळखीचं नाही, आणि बोललेलं फक्त शेजारच्यालाच ऐकू येणार.

पण फिरायला सुट्टी हवी ना? ती सहज नाही मिळालेली. गिरणीत आधी आठवड्याला ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. त्या साली महालक्ष्मीजवळ शर्यतीच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली. तिथे दोन कामगार बायकांनीही उठून भाषण केलं. एकोणिसाव्या शतकात, हजारो पुरुषांसमोर, लाऊडस्पीकर नसताना! एके काळी गिरणी कामगारांत पाचांत एक बाई असायची, पुढे त्यांना हळूहळू कमी करत नेलं. त्या दोघींना सुट्टी कशाला हवी होती? कपडे धुवायला, पोरांच्या डोक्याला तेल लावायला. फिरायला जायचं सुख त्यांच्या वाट्याला किती आलं कोणास ठाऊक.

आता आजीचा रविवार. आधी मुंबादेवी, कारण देवीला न भेटता शहर कसं बघणार? मग राणीचा बाग. आता त्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, पण म्हातारी माणसं राणीचा बागच म्हणणार. तो भायखळ्याचा बाग 1862 चा. दारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय, ते 1872 मध्ये उघडलं. हे भाऊ दाजी म्हणजे आपल्या शेजारचे, पेडण्यातल्या मांद्र्याचे. डॉक्टर होते, जुने शिलालेख वाचणारे विद्वान होते, मुंबईत मुलींच्या शाळांसाठी झटले. संग्रहालयाला त्यांचं नाव मात्र 1975 मध्ये मिळालं, त्याआधी राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं होतं. शेजारी काळ्या दगडाचा मोठा हत्ती. तो घारापुरीच्या बेटावरचा. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तो मोडला आणि मग इथेच राहिला. पुढे तो जोडून उभा केला. आजीला वाघ-सिंहापेक्षा हा हत्ती आवडला. मोडला म्हणून वाचला, असं ती म्हणायची.

मग गेटवे. 1911 मध्ये विलायतेचा राजा-राणी आले त्यांच्या आठवणीसाठी ती कमान बांधायला घेतली आणि राजा परत जाऊन तेरा वर्षं झाल्यावर, 1924 मध्ये, ती खुली झाली. 1948 मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीतून बोटीत बसून निघून गेली. मग मलबार हिलवर हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट, तो तेव्हा नवाकोरा, कारण कमला नेहरू पार्क 1952 चा. आणि चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय, तेही 1951 चं, नवंच. तिकीट काढून आत गेले. काचेमागे मासे. आजी मालवणची, तिचं माहेर रापणकारांचं. तिने पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, “ह्यां बघूक पैसे दिलास? घराकडे ह्येच्यापेक्षा मोठे फुकट बघतंय मी.” आजोबा इतके हसले की रखवालदार बघायला आला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. नवरा असा मोठ्याने हसतो हे तिला त्या दिवशी समजलं.

पण सांगायची गोष्ट राणीच्या बागेतल्या बाकाची. संध्याकाळी ते दोघं तिथे बसले. आमची मैत्रीण आजीला खोदून खोदून विचारायची, काय बोललात? आजी म्हणायची, काय बोलणार, गाय किती दूध देते, भात किती खंडी झालं, झिलाची शाळा. आणि मग एकदा, आजोबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, तिने खरं सांगितलं.

मनीऑर्डर यायची ती सासऱ्यांच्या नावावर. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन यायचा, सासरे ओसरीवर सही करून पैसे घ्यायचे, कमरेला लावायचे. आजीला मिठाला पैसे हवे असले तरी मागायचे. मूल आजारी पडलं तेव्हाही मागायचे. एकदा मागितले, मिळाले नाहीत, आणि मधली मुलगी दोन दिवसांत गेली. सासरे वाईट नव्हते, त्यांना वाटलं ताप उतरेल. ही गोष्ट नवऱ्याला पत्रात कळली होती ती एका ओळीत, कारण पत्र दुसऱ्याच माणसाने लिहिलेलं. बाकावर बसून तिने ती पहिल्यांदा आपल्या तोंडाने सांगितली. रडली नाही म्हणाली. सांगून झाल्यावर म्हणाली, पाच रुपये वेगळे पाठवा. माझ्या नावावर.

आजोबा काही बोलले नाहीत. बाग बंद व्हायची घंटा झाली, ते उठले, तिला वाटेत भजी खायला घातली. फोटो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. म्हणून त्या फोटोत चेहरे तसे आहेत की काय, आम्हाला सांगता येणार नाही.

पुढच्या महिन्यात पोस्टमन आला आणि त्याने दोन नावं पुकारली. आजीला सही येत नव्हती, तिने अंगठा दिला. सासरे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनीच तिच्याकडून दोन रुपये उसने मागितले. त्या पाच-पाच रुपयांतून तिने पाडी घेतली, पाडीची गाय झाली, आणि गायीवर धाकट्याची फी निघाली. आज आमच्या गटाच्या पासबुकात बाईच्या नावाला किंमत आहे याचं आम्हाला काही वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. आजीला त्या एका नावासाठी समुद्र ओलांडून बाकापर्यंत जावं लागलं.

सगळ्यांचं असं गोड झालं नाही, हेही सांगायला हवं. काही बायका मुंबईला गेल्या त्या मनीऑर्डर यायची थांबली म्हणून. धक्क्यावर घ्यायला कोणी आलं नाही. पत्त्यावर पोचल्या तर तिथे दुसरं बिऱ्हाड, दुसरी बाई, तिची मुलं. अशा एकीने आम्हाला सांगितलं, तिला मुंबईतलं काही म्हणता काही आठवत नाही. एका जिन्याच्या पायऱ्या तेवढ्या आठवतात. ती तिसऱ्या दिवशीच्या बोटीने परत आली आणि गावात विचारणाऱ्यांना म्हणाली, बघितली मुंबई, लय मोठी आहे. नवऱ्याच्या नावाचं कुंकू तिने पुढे चाळीस वर्षं लावलं.

आणि काही बायका गेल्या त्या परतल्याच नाहीत, चुलीशी उभ्या राहिल्या. दहा-पंधरा एकट्या पुरुषांना दोन वेळचं जेवण घालायची खानावळ. गिरणगावातल्या खानावळीवाल्या बायका महिनाभर उधारीवर किराणा आणायच्या आणि पगाराच्या दिवशी पैसे वसूल करायच्या. संप झाला की कामगार उपाशी राहू नये म्हणून त्यांची चूल चालू आणि सावकाराचं व्याजही चालू. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. तारण काय ठेवणार? बायकांनी एकमेकींची हमी घेतली. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपण गटात तेच करतो.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर मिटलाच नाही. आपल्या वाड्यांतून पुरुष वळकटी घेऊन परत आले, कोणी पंचेचाळिशीत, कोणी पन्नाशीत, आणि ज्या बायकोबरोबर आयुष्यात सगळं मिळून दोन-तीन वर्षं राहिले होते तिच्याबरोबर रोज राहायची वेळ आली. एका काकींनी सांगितलं, पहिलं वर्ष घरात पाहुणा आल्यासारखं वाटलं, दोघांनाही.

तोवर वाटाही बदलल्या होत्या. आधी रात्रभराची एसटी, अंग मोडून टाकणारी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला प्रवासी बोटी थांबल्या. मग कोकण रेल्वे. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी जन्म घालवला, बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत ती लावून धरली, 1990 मध्ये महामंडळ झालं आणि 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग खुला झाला. मालवणला काही रेल्वे आली नाही, आपल्याला उतरायचं कुडाळ नाहीतर कणकवली. पण संध्याकाळी बसलं की सकाळी मुंबई. 2021 पासून चिपीला विमानतळही आहे. आणि 1997 मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून उलटंच झालंय. आता मुंबईची जोडपी इकडे येतात, किल्ला बघतात, तारकर्लीला पाण्यात बुड्या मारतात, आणि आमच्या गटातल्या बायका त्यांना कोंबडी-वडे वाढतात. नवीन लग्न झालेली पोरं-पोरी वाळूत तासन्‌तास बोलत बसलेली दिसली की आम्ही हाक मारत नाही. जेवण झाकून ठेवतो.

गेल्या जानेवारीत आमच्या गटाने ठरवलं, आपणही जाऊ. अकरा जणी आणि सोबत आमच्या वाडीतली एक आजी, वय ऐंशीच्या पुढे. तिचे यजमान गोदीत छत्तीस वर्षं होते आणि तिने मुंबई पाहिली नव्हती. निमित्त दरवेळी हुकलं. एकदा गाय व्यायली, एकदा सासू पडली, एकदा बोट चुकली. आम्ही तिला विचारलं, काय बघायचं? राणीचा बाग दाखवला. तिथे आता पेंग्विन आहेत, त्यांच्यासाठी रांग. आम्ही तो बाक शोधला, म्हणजे एक बाक पसंत केला, आणि फोटो काढला. दगडी हत्ती आहे तिथेच आहे. आजीने सगळं पाहिलं, बरं म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाली, मला धक्का दाखवा. ते जिथे उतरायचे तो.

भाऊच्या धक्क्यावर गेलो. आता तिथे मासळीचा बाजार, आणि रेवस-मोऱ्याच्या लाँची. आजी काठी टेकत पाण्याच्या कडेपर्यंत गेली, बराच वेळ समुद्राकडे बघत उभी राहिली. आम्ही मागे थांबलो. परत वळली तेव्हा एका कोळणीच्या पाटीसमोर थांबली, वाकून बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला आणि म्हणाली, “ताजे म्हणतास ह्येंका? डोळे बघ त्येंचे. मालवणात ह्ये कोण घेवचे नाय.”

कोळीण भांडायला उठली, मग हसायला लागली, आणि तिने आजीला बसायला पाट दिला.